व्हिएतनामचे ‘बोट पीपल’ : त्यांना थोपवण्याच्या आणि परत पाठवण्याच्या वाटाघाटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खचाखच भरलेली लाकडी होडी आणि काठाला धरून लोंबकळणारी माणसं, हे चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. ती होडी सुटण्याआधी आणि किनाऱ्याला लागल्यानंतर त्या माणसांचं काय करायचं, यावर हनोई, जिनिव्हा, लंडन, वॉशिंग्टन आणि हाँगकाँगमध्ये जवळजवळ वीस वर्षं बोलणी चालली. त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे गुंता तेवढा आहे.

‘बोट पीपल’ म्हणजे नेमके कोण?

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडली. त्या वर्षी सुमारे १ लाख ३० हजार लोक अमेरिकेच्या आश्रयाला गेले, पण ‘बोट पीपल’ म्हणून जग ज्यांना ओळखतं ते बहुतेक लोक त्यानंतरचे. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे ७ लाख ९६ हजार व्हिएतनामी माणसं समुद्रमार्गे कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला जिवंत पोहोचली. वाटेत किती बुडाली, किती तहानेने गेली, याची मोजदाद कुणीच ठेवली नाही.

ही सगळी माणसं एका कारणाने निघालेली नव्हती. जुन्या दक्षिण व्हिएतनामचे सैनिक, अधिकारी, शिक्षक ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांतून, म्हणजे नव्या राजवटीच्या कैदेतून, सुटले की वाट शोधायचे. १९७८ मध्ये चिनी वंशाचे ‘होआ’ लोक मोठ्या संख्येने निघाले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उत्तरेकडचे कोळी आणि शेतकरी चीनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने हाँगकाँग गाठू लागले. पुढच्या वाटाघाटींत ‘खरा निर्वासित कोण?’ हा वाद पेटला तो याच सरमिसळीमुळे.

लोक पळत होते, की सरकारच त्यांना घालवत होतं?

दोन्ही. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतला खाजगी व्यापार एका फटक्यात बंद करण्यात आला. सायगावच्या चोलॉन भागातल्या चिनी दुकानदारांचा माल आणि भांडवल त्यात गेलं. अनेकांना ‘नव्या आर्थिक क्षेत्रां’त, म्हणजे ओसाड जमिनीवर शेती करायला धाडण्यात आलं. त्याच काळात चीनशी संबंध बिघडत होते. फेब्रुवारी १९७९ मध्ये तर प्रत्यक्ष युद्ध झालं. सुमारे अडीच लाख होआ लोक उत्तरेची सीमा ओलांडून चीनमध्ये गेले. दक्षिणेतल्यांना समुद्र उरला.

आणि त्या समुद्राचा भाव ठरलेला होता. सुरक्षा खात्यातली माणसं सोनं घेऊन होआ कुटुंबांना जाऊ देत. तिथलं सोन्याचं माप म्हणजे ‘ताएल’, साधारण साडेसदतीस ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून थोडं जास्त. प्रौढ माणसामागे आठ-दहा ताएल, असा व्यवहार चाले. बायकांच्या अंगावरचे दागिने, साठवलेली सोन्याची पानं, सगळं त्यात जाई. कागदोपत्री मात्र परवानगीशिवाय देश सोडणं हा गुन्हाच होता. म्हणून १९७९ मध्ये जगाने हनोईला ‘हे थांबवा’ म्हटलं, तेव्हा नळ कुणाच्या हातात आहे याबद्दल फारशी शंका नव्हती.

हाय हाँग, हुए फाँग, स्कायलक या जहाजांची नावं सारखी का येतात?

कारण या मोठ्या मालवाहू जहाजांनी शेजारी देशांचं मन कडू केलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये हाय हाँग सुमारे अडीच हजार माणसं घेऊन मलेशियाच्या पोर्ट क्लांगजवळ आलं. सरकारने कुणालाही उतरू दिलं नाही. शेवटी कॅनडा, पश्चिम जर्मनी, फ्रान्स अशा देशांनी माणसं वाटून घेतली. डिसेंबरमध्ये हुए फाँग ३,३१८ माणसांसह हाँगकाँगच्या हद्दीबाहेर जवळजवळ चार आठवडे उभं राहिलं. ते आत आल्यावर जहाजात लपवलेलं सोनं सापडलं आणि कप्तानावर खटला झाला. फेब्रुवारी १९७९ मध्ये स्कायलक आलं. त्यावरची सुमारे २,६०० माणसं चार महिन्यांहून जास्त काळ जहाजावरच अडकून राहिली. २९ जूनला त्यांनी नांगराची साखळी तोडली आणि जहाज लामा बेटाच्या खडकांवर जाऊन आदळलं.

‘ही निर्वासितांची वाहतूक नाही, धंदा आहे,’ असं तेव्हापासून उघड म्हटलं जाऊ लागलं. धंदा होताच. पण ज्याने घरचं सगळं सोनं देऊन जहाजात जागा मिळवली, तो माणूस त्या धंद्यातला गिऱ्हाईक होता, धंदेवाला नव्हता. हा फरक त्या वेळच्या सरकारी निवेदनांत फार लवकर पुसला गेला.

शेजारी देशांनी होड्या परत समुद्रात का ढकलल्या?

जून १९७९ या एका महिन्यात ५४ हजारांहून जास्त माणसं आली. मलेशियाच्या तेरेंगानू किनाऱ्यासमोरच्या पुलाव बिदाँग या बेटावर जेमतेम एक चौरस किलोमीटर जागेत सुमारे ४० हजार लोक राहत होते. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या ‘आसियान’च्या पाच देशांनी जूनअखेरीस जाहीर केलं की आमची सहनशक्ती संपली, आता नवी माणसं घेणार नाही. मलेशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान महातीर मोहम्मद यांचं ‘दिसताच गोळ्या घालू’ अशा अर्थाचं विधान जगभर गाजलं. सरकारने नंतर सारवासारव केली, पण होड्या दोराने ओढून खोल समुद्रात सोडणं चालूच होतं.

यामागे भीती होती तसा हिशोबही होता. १९७५ पासून आश्रयाला आलेल्या इंडोचीनमधल्या साडेपाच लाखांपैकी दोन लाखच माणसं पाश्चात्त्य देशांनी नेली होती, साडेतीन लाख तिथेच पडून होती. मलेशियात तर मलय आणि चिनी यांच्यातला तोल हा आधीच नाजूक विषय, आणि येणारे बरेचसे चिनी वंशाचे. होड्या ढकलल्या की श्रीमंत देश हलतात, हे या सरकारांनी ओळखलं होतं. माणसं बुडत होती, आणि त्या बुडण्याचा दबाव म्हणून वापर होत होता. याला दुसरं नाव देता येत नाही.

जुलै १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत काय ठरलं?

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मागणी लावून धरली होती. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी २० आणि २१ जुलैला परिषद बोलावली आणि ६५ देशांची सरकारं आली. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी भाषणात १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण दिली. नाझी जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंना घ्यायला तिथे बहुतेक देशांनी नकार दिला होता.

सौदा त्रिकोणी होता. पाश्चात्त्य देशांनी माणसं नेण्याचा आकडा १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर नेला आणि सुमारे १६ कोटी डॉलरची रोख व वस्तुरूप मदत कबूल केली. त्या बदल्यात शेजारी देश तात्पुरता आसरा देत राहणार होते. इंडोनेशियात गलांग बेटावर आणि फिलिपिन्समध्ये बताआन इथे, पुढे जाणाऱ्यांसाठी वाटेतली केंद्रं उभी राहायची होती. व्हिएतनामने ‘वाजवी काळापर्यंत’ बेकायदा प्रस्थान रोखण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करण्याचं वचन दिलं.

वचनाचा परिणाम ताबडतोब दिसला. जूनमधला ५४ हजारांचा आकडा वर्ष संपेपर्यंत महिन्याला काही हजारांवर आला.

पण लोकांना त्यांच्याच देशात कोंडून ठेवा, असं सांगणं योग्य होतं का?

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं १३ वं कलम म्हणतं की प्रत्येकाला कोणताही देश, स्वतःचा देशसुद्धा, सोडण्याचा हक्क आहे. बर्लिनच्या भिंतीला याच कलमाच्या आधाराने नावं ठेवणारे देश जिनिव्हात व्हिएतनामला सांगत होते की पहारा वाढवा. बचावाचा युक्तिवाद असा की समुद्रात हजारो मरत आहेत, तर होड्या थांबवणं म्हणजे जीव वाचवणं. यात तथ्य आहे. पण किनाऱ्यावर पकडलेल्याला पुढे कैद भोगावी लागली, ती कुठल्याही ठरावाच्या आकडेवारीत आली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कायदेशीर वाट पुरेशी मोठी करण्याआधी बेकायदा वाट बंद करायला सांगणं चूक होतं. १९७९ मध्ये क्रम उलटा लागला. मोठी वाट खुली व्हायला आणखी दहा वर्षं गेली.

ती कायदेशीर वाट म्हणजे ‘ऑर्डर्ली डिपार्चर प्रोग्राम’ का?

हो. ३० मे १९७९ ला, म्हणजे परिषदेच्याही आधी, संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यूएनएचसीआर आणि व्हिएतनाम यांच्यात हा करार झाला. परदेशात नातेवाईक असलेल्यांनी अर्ज करायचा, दोन्ही सरकारांनी नाव मंजूर करायचं आणि माणसाने विमानाने जायचं.

कागदावर हे साधं दिसतं. प्रत्यक्षात अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते. अमेरिकेचं काम बँकॉकमधल्या कार्यालयातून चालायचं. एक यादी हनोईची, एक वॉशिंग्टनची, आणि दोन्हींत असलेली नावं सुरुवातीला फारच थोडी. हनोईला होआ आणि म्हातारीकोतारी माणसं पाठवायची होती. वॉशिंग्टनला हवे होते आपले जुने सहकारी, छावण्यांतले कैदी आणि अमेरिकन सैनिकांची तिथे राहिलेली मुलं. १९८६ मध्ये व्हिएतनामने नव्या मुलाखती थांबवल्या आणि वर्षाहून जास्त काळ काम खोळंबलं.

तरीही शेवटी या वाटेने सहा लाखांहून जास्त माणसं गेली, त्यातली साडेचार लाखांहून जास्त अमेरिकेत. खरा वेग आला तो १९८७ नंतर. अमेरिकन काँग्रेसने सैनिकांच्या मुलांसाठी कायदा केला. ३० जुलै १९८९ ला पुनर्शिक्षण छावण्यांतल्या माजी कैद्यांबद्दल वेगळा करार झाला आणि त्याखाली कुटुंबांसह दीड लाखाहून जास्त लोक गेले. त्यासाठी या कैद्यांच्या अमेरिकेत राहणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले होते. वाटाघाटींच्या टेबलाशी त्यांना खुर्ची नव्हती, पण नावांच्या याद्या त्यांनी बनवल्या होत्या.

चाच्यांचं काय?

थायलंडच्या आखातातला हा सर्वांत काळा भाग. एकट्या १९८१ मध्ये थायलंडला पोहोचलेल्या ४५२ होड्यांपैकी ३४९ होड्यांवर हल्ले झाले, प्रत्येक होडीवर सरासरी तीन वेळा. ५७८ स्त्रियांवर बलात्कार झाले, २२८ पळवल्या गेल्या, ८८१ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. १९८२ मध्ये बारा देशांनी पैसे देऊन चाचेविरोधी मोहीम उभी केली.

१९८७-८८ मध्ये प्रश्न पुन्हा का पेटला?

पाश्चात्त्य देश दमले होते. ‘आता येणारे गरिबीमुळे येतात’ हे मत पक्कं होत होतं. व्हिएतनाममध्ये महागाई प्रचंड वाढली होती आणि डिसेंबर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांचं फळ अजून दिसत नव्हतं. १९८८ च्या सुरुवातीला थायलंडने होड्या परत ढकलायला सुरुवात केली. मलेशियाने पुलाव बिदाँग बंद करू म्हटलं.

सर्वांत मोठा भार तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगवर आला. १६ जून १९८८ पासून तिथे नियम बदलला. त्या दिवसानंतर येणारा प्रत्येक व्हिएतनामी बेकायदा स्थलांतरित समजला जाईल, चाळणीतून निर्वासित ठरला तरच पुढे जाईल, नाहीतर कुंपणाआड राहील. ही घोषणा सरकारी रेडिओवरून व्हिएतनामी भाषेत दिवसातून कितीतरी वेळा व्हायची. तिची सुरुवात होती ‘बात दाउ तू नाय’, म्हणजे ‘आतापासून’. हाँगकाँगच्या चिनी श्रोत्यांना अर्थ कळत नसे, पण शब्द तोंडपाठ झाले. त्या पिढीतल्या माणसाला आजही ते आठवतात.

घोषणेने होड्या थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये एका वर्षात ३४ हजार माणसं आली.

१९८९ चा ‘सर्वंकष कृती आराखडा’ काय होता?

मार्चमध्ये क्वालालंपूरला तयारीची बैठक झाली आणि १३-१४ जून १९८९ ला जिनिव्हात सुमारे ७० देशांनी हा आराखडा मंजूर केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीपीए’ म्हणतात. १९७९ पेक्षा मोठा बदल असा की या वेळी व्हिएतनाम आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं, भागीदार होतं.

प्रत्येक देशाने एक तारीख ठरवली. बऱ्याच ठिकाणी ती १४ मार्च १९८९ होती, हाँगकाँगमध्ये १६ जून १९८८. त्याआधी आलेले सुमारे ५० हजार जण सरसकट दुसऱ्या देशांत वसवायचे. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाची एकेकट्याने तपासणी करायची. निर्वासित ठरला तर पुढे जाईल, नाही ठरला तर मायदेशी. हे होईपर्यंत होड्या ढकलायच्या नाहीत. व्हिएतनामने गुप्त प्रस्थान रोखायचं, पण शिक्षेच्या धाकाऐवजी माहिती देऊन. कायदेशीर वाट रुंद करायची.

एक दिवसही ज्याच्या होडीला उशीर झाला, त्याचं नशीब बदललं. वादळात अडकून १३ मार्चऐवजी १५ मार्चला किनाऱ्याला लागलेल्या माणसाला हा हिशोब कसा समजावणार?

तपासणी न्याय्य होती का?

आराखड्याखाली तपासलेल्यांपैकी साधारण २८ टक्के निर्वासित ठरले. हाँगकाँगमध्ये पाचातला एकसुद्धा पुरता नाही. मुलाखत घेणारे अधिकारी घाईत, दुभाषे अपुरे, आणि आपल्यावरचा छळ कागदाविना सिद्ध करायची वेळ माणसावर. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये तपासणीत पैसे मागितल्याच्या तक्रारी झाल्या. अपिलाची सोय होती, यूएनएचसीआरला स्वतःच्या अधिकारात काहींना निर्वासित ठरवताही येत होतं, आणि त्याने काही जण वाचले.

तरी तपासणी नसती तर पर्याय काय होता, हेही पाहायला हवं. पर्याय होता दोर बांधून होडी समुद्रात ओढून नेण्याचा.

१२ डिसेंबर १९८९ ला काय घडलं?

पहाटेच्या अंधारात दंगल-पोलिसांनी हाँगकाँगच्या एका बंदिस्त केंद्राला वेढा घातला आणि ५१ व्हिएतनामी माणसांना उठवून विमानतळावर नेलं. आठ पुरुष, सतरा बायका, सव्वीस मुलं. विमान हनोईला उतरलं.

निवड मुद्दाम अशी होती की प्रतिकार कमी व्हावा. ५१ मधली २६ मुलं, हा आकडाच जगाला पुरला. अमेरिकेने जाहीर निषेध केला, ब्रिटनच्या संसदेत गदारोळ झाला, आणि पुढची उड्डाणं थांबली. जानेवारी १९९० मध्ये देश पुन्हा बसले, पण परत पाठवणी सुरू करण्याआधी किती मुदत द्यायची यावरच गाडं अडलं.

ब्रिटनची कोंडी समजून घेतली पाहिजे. जूनमध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात निदर्शकांवर रणगाडे फिरले होते. हाँगकाँगचे लाखो लोक १९९७ मध्ये चीनकडे गेल्यावर आपलं काय होणार म्हणून धास्तावले होते, ब्रिटनकडे राहण्याचा हक्क मागत होते. शिवाय चीनमधून लपून येणाऱ्या माणसाला हाँगकाँग रोजच्या रोज परत पाठवत असे, मग ती कुणाची सख्खी बहीण का असेना. ‘आमच्या नातेवाइकांना हाकलता आणि व्हिएतनामींना ठेवून घेता?’ हा रस्त्यावरचा प्रश्न होता आणि त्याला सरकारकडे उत्तर नव्हतं.

आपलेच नागरिक परत घ्यायला व्हिएतनाम का कचरत होता?

जबरदस्तीने आणलेली माणसं घेतली तर ती नाराज, काम नसलेली, आणि जगाचा कॅमेरा त्यांच्यावर. परराष्ट्रमंत्री न्गुयेन को थाच यांचं सरकार म्हणत राहिलं की स्वेच्छेने येणाऱ्यांना घेऊ. १३ डिसेंबर १९८८ ला यूएनएचसीआरशी तसा करार झालाही होता. परत येणाऱ्यावर पळून गेल्याचा खटला नाही, आणि यूएनएचसीआरची माणसं त्याला घरी जाऊन भेटू शकतील. २ मार्च १९८९ ला ७५ जणांची पहिली स्वेच्छेची तुकडी हाँगकाँगहून परतली.

पण खरं कारण आणखी मोठं होतं. कंबोडियात सैन्य घुसवल्यापासून व्हिएतनाम एकटा पडला होता. अमेरिकेचा व्यापारबंदी हुकूम, आंतरराष्ट्रीय कर्ज बंद, सोव्हिएत मदत आटत चाललेली. परत घेण्याची संमती हे हनोईकडचं मोजकं मोलाचं नाणं होतं आणि ते स्वस्तात खर्च करायचं नव्हतं. सप्टेंबर १९८९ मध्ये सैन्य कंबोडियातून निघालं. २३ ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसमध्ये कंबोडियाचा शांतता करार झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, हनोईत ब्रिटन आणि व्हिएतनाम यांचा परत पाठवणीचा करार झाला. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की बरंच कळतं.

‘स्वेच्छेने’, ‘हरकत नसलेले’, ‘सुव्यवस्थित परतावा’: एवढे शब्द का?

कारण भांडण शब्दांवरच होतं. आधी फक्त ‘स्वेच्छेने परतणारे’ होते. ते पुरेनात. ‘जबरदस्ती’ हा शब्द हनोई आणि वॉशिंग्टन दोघांनाही चालत नव्हता. मग सप्टेंबर १९९० मध्ये एक मधला वर्ग तयार झाला: जे परतायला तयार आहेत असं म्हणत नाहीत, पण हरकतही घेत नाहीत. कुंपणाआड दोन वर्षं काढलेला, अर्ज फेटाळला गेलेला, लेकराबाळांसह बराकीत राहणारा माणूस गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याला संमती मानायचं.

१९९१ चा करार ‘सुव्यवस्थित परतावा कार्यक्रम’ या नावाने आला. पहिलं विमान ९ नोव्हेंबर १९९१ ला ५९ जणांना घेऊन गेलं. त्यात एकदा परत जाऊन पुन्हा आलेल्यांचा भरणा होता. काहींना उचलून विमानात चढवावं लागलं. मे १९९२ मध्ये करार वाढला आणि निर्वासित न ठरलेल्या सगळ्यांनाच तो लागू झाला.

या शब्दांनी एक काम मात्र केलं, हे मान्य करायला हवं. त्यांच्यामुळे प्रत्येक सरकारला आपल्या लोकांसमोर मान न झुकवता सही करता आली.

मग अमेरिकेची भूमिका दुटप्पी होती का?

बऱ्याच अंशी. कम्युनिस्ट देशात कुणालाही जबरदस्तीने पाठवू नका, असं वॉशिंग्टन सांगत होतं, आणि त्याच वर्षांत कॅरिबियन समुद्रात हैतीच्या होड्या अडवून माणसं परत पोहोचवत होतं. लंडनने हे बोलून दाखवलं. दुसरीकडे, सर्वांत जास्त व्हिएतनामी अमेरिकेनेच घेतले, हेही तितकंच खरं.

१९९५ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहात ख्रिस स्मिथ यांनी फेटाळलेल्यांची पुन्हा तपासणी व्हावी म्हणून प्रस्ताव आणला. बातमी छावण्यांत पोहोचली आणि स्वेच्छेने परतणाऱ्यांचा ओघ आटला. लोकांनी आशा धरली. ठिकठिकाणी दंगली झाल्या. शेवटी १९९६ मध्ये तडजोड निघाली: आधी मायदेशी जा, तिथे अमेरिकन अधिकारी मुलाखत घेतील. काही हजार जण तसे पुन्हा विमानात बसले, या वेळी पासपोर्ट घेऊन.

छावण्यांत जगणं कसं होतं?

हाँगकाँगच्या छावण्यांत १९९१ मध्ये ६० हजारांहून जास्त लोक होते. व्हाइटहेड, हाय आयलंड, ताई आ चाउ. पत्र्याच्या बराकी, तीन मजली फळ्या, एका फळीवर एक कुटुंब, पडदा म्हणून चादर. फेब्रुवारी १९९२ मध्ये सेक काँग छावणीत दोन गटांच्या मारामारीत आग लावली गेली आणि २४ जण जळून मेले. व्हिएतनामी नववर्षाचे, तेतचे, ते दिवस होते. कुंपणाआड जन्मून चालायला-बोलायला शिकलेली मुलं होती.

परत गेलेल्यांचं काय झालं?

एकूण १ लाख ९ हजारांहून जास्त लोक परतले. यूएनएचसीआरने माणशी २४० ते ३६० डॉलर हप्त्यांनी दिले आणि गावांत शाळा, विहिरी, रस्ते अशी छोटी कामं केली, म्हणजे न पळालेल्या शेजाऱ्यालाही काही मिळावं. युरोपीय समुदायाने धंद्यासाठी कर्जं दिली आणि बहुतेक कर्जं फिटली. यूएनएचसीआरची व्हिएतनामी बोलणारी माणसं घरोघर फिरली. परतल्याबद्दल पद्धतशीर छळ झाल्याचं त्यांना आढळलं नाही. एवढ्या मोठ्या देशात मूठभर निरीक्षकांना किती दिसणार, हा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि तो सोडून देण्यासारखा नाही.

परतणाऱ्यांना सावरलं ते मुख्यतः अर्थव्यवस्थेने. दोई मोईला फळ येऊ लागलं. अमेरिकेने फेब्रुवारी १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवली, जुलै १९९५ मध्ये राजनैतिक संबंध सुरू झाले.

शेवटी होड्या थांबल्या कशाने?

१९८९ मध्ये सुमारे ७० हजार व्हिएतनामींनी आग्नेय आशियात आश्रय मागितला. १९९२ मध्ये फक्त ४१ जणांनी. परत पाठवणीची भीती हे एक कारण. पण त्याच तीन वर्षांत माजी कैदी आणि त्यांची कुटुंबं हजारोंच्या संख्येने रीतसर विमानाने जात होती. शेतकऱ्याला जमीन कसायला आणि माल विकायला मोकळीक मिळाली होती. मला ही दोन कारणं जास्त वजनदार वाटतात. जबरदस्तीची पहिली मोठी उड्डाणं नोव्हेंबर १९९१ ची. मायदेशात थांबण्याजोगं काही उभं राहत होतं ते त्याच्या आधीपासून.

फिलिपिन्सने वेगळं काय केलं?

जून १९९६ मध्ये आराखडा संपला तेव्हा कॅथलिक चर्च मध्ये पडलं. सरकारने जबरदस्ती थांबवून उरलेल्यांना राहू दिलं. पलावान बेटावर ‘व्हिएत व्हिल’ नावाची वस्ती उभी राहिली.

आणि हाँगकाँग?

१९९७ च्या हस्तांतराआधी छावण्या रिकाम्या करा, असा चीनचा आग्रह होता. बऱ्याचशा झाल्या, पूर्ण नाही. उरलेल्या सुमारे १,४०० जणांना २००० मध्ये तिथेच राहण्याची परवानगी मिळाली आणि पिलर पॉइंट ही शेवटची छावणी बंद झाली. छावण्यांच्या खर्चापोटी यूएनएचसीआरकडून १ अब्ज १६ कोटी हाँगकाँग डॉलर येणं आहे, असा दावा तिथलं सरकार पुढे कितीतरी वर्षं करत राहिलं.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही. एक साम्य आहे. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड यांनी १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नव्हती, भारतानेही केलेली नाही. आणि ‘स्वेच्छेने’ म्हणजे काय हा प्रश्न आपल्याकडेही १९९२ मध्ये आला, तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांना परत पाठवताना. लोक खरंच राजी आहेत का हे तपासायला तेव्हा यूएनएचसीआरला मद्रासमध्ये काम करू द्यावं लागलं.

परत पाठवणीच्या वाटाघाटी आता संपल्या का?

नाही. जानेवारी २००८ मध्ये अमेरिका आणि व्हिएतनाम यांनी करार केला. ज्यांना अमेरिकेतून काढायचं आहे त्यांना व्हिएतनाम घेईल, पण १२ जुलै १९९५ च्या आधी आलेल्यांना या कराराखाली पाठवता येणार नाही. म्हणजे ‘बोट पीपल’ना संरक्षण होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या समझोत्याने त्यांच्यासाठीही दार उघडलं. पाच-सात वर्षांचं असताना होडीतून आलेलं मूल, तरुणपणी एखादा गुन्हा, शिक्षा भोगून झालेली, नागरिकत्व घ्यायचं राहून गेलेलं, आणि आता पन्नाशीत अशा देशात पाठवणी जिथली भाषा नीट येत नाही. अशी माणसं या यादीत आहेत.

त्या बेटांवर आज काय आहे?

गलांगला जुनी बराकं, देऊळ, चर्च आणि दफनभूमी आहे. पुलाव बिदाँगवर झाडी वाढली आहे. २००५ मध्ये तिथे राहून गेलेली माणसं ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोपातून परत आली आणि दोन्ही बेटांवर त्यांनी स्मृतिफलक लावले. त्यावर समुद्रात गेलेल्यांची आठवण होती, आणि आसरा देणाऱ्या देशाचे व यूएनएचसीआरचे आभार होते. हनोईने इंडोनेशिया आणि मलेशियाकडे आक्षेप नोंदवला. काही महिन्यांत दोन्ही फलक काढले गेले.